कर्जाची वही आणि पाळण्याची तयारी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत सिंदी मेघे येथील एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मंडळात आजवर सतरंज्या घालणे, चहा ठेवणे व हळदीकुंकवाचे सामान मोजून ठेवणे ही माझी कामे. भाषणाला उभी राहण्याचा हा पहिलाच प्रसंग. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, “तुमच्या त्या वहीबद्दल सांगा. पुष्कळ जणींना उपयोगी पडेल.” वही माझीच आहे, तेव्हा तिच्याबद्दल बोलायला हरकत नाही. चुकलेमाकले आपण सांभाळून घ्यावे.

विषय जरा लाजेचा आहे. घरातले कर्ज आणि घरात येणारे बाळ. बाळाबद्दल आपण चार जणींत आनंदाने बोलतो. कर्जाबद्दल मात्र शेजारणीजवळही बोलत नाही, कित्येकदा नवऱ्याजवळही बोलत नाही. मीही बोलले नव्हते. त्याचे काय झाले तेच आज सांगणार आहे.

आमच्या घरचे जिनिंगमध्ये फिटर आहेत. दिवाळीनंतर कापूस येऊ लागला की काम सुरू होते व उन्हाळा लागेपर्यंत चालते. त्या काळात महिन्याला चौदा हजार मिळतात. हंगाम बंद झाला की मोटारी, पंप दुरुस्त करून सात-आठ हजार जमतात. मी घरी फॉल-पिको करते, त्याचे दीड-दोन हजार. थोरल्या मुलीचे लग्न २०२२ च्या मे महिन्यात केले. धाकटा त्या वेळी शाळेत होता. लग्न चांगले झाले, सर्वांनी नाव काढले. त्या नावाची किंमत आम्ही पुढे किती दिवस भरत राहू, याचा हिशेब मात्र कोणी केला नव्हता.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मुलीला दिवस गेल्याची बातमी आली. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. मला आनंद झाला. पेढे वाटले. परंतु रात्री झोप येईना. मनात एकच विचार, की पैसा कोठून आणायचा? आणि बायांनो, मी काय केले असेल? काहीच केले नाही. “पाहू पुढे” म्हणत दिवस काढले. बाळ हे नऊ महिने आधी सांगून येणारे पाहुणे असते. त्यातले पाच-सहा महिने मी नुसत्या काळजीत घालवले. काळजी केली म्हणजे तयारी केली, असे आपल्याला वाटत असते. तसे ते नव्हे.

संक्रांतीनंतर मुलगी हिंगणघाटहून माहेरी आली. सातवा सरत आला होता. तोंड उतरलेले, डोळ्यांखाली काळे. मी अर्धा लिटर दूध लावले. ती पहिल्या दिवशी प्याली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “मले दुधाचा वास येते, नको लावू.” अंड्यालाही नाही म्हणाली. मी म्हटले, दिवसच तसे आहेत, कोणाला काय आवडेल काय नाही. खरे सांगायचे तर दूध बंद झाले त्याचा मला आतून थोडा हलकेपणाच वाटला. महिन्याचे नऊशे रुपये वाचत होते. आज हे सांगताना मला माझीच लाज वाटते.

आठवडाभराने आशाताई आल्या व तिला तपासणीला घेऊन गेल्या. रक्त ८.२ निघाले. पोटुशीच्या अंगात ते निदान ११ पाहिजे. सातच्या खाली गेले तर अगदी धोक्याचे समजतात. आशाताईंनी मला विचारले, “काकू, पोरीच्या पोटात काय जाते?” मला उत्तर देता येईना.

त्या रात्री मी मुलीजवळ बसले व जरा रागावूनच बोलले की, दूध का पीत नाहीस? ती उगीच राहिली. मग म्हणाली, “आई, मले वास-बीस काई येत नाई. मंगळवारी तुया हप्ता राह्यते, मले मालूम आहे. तुमी दोघं येगयेगळे बसून पैसे मोजता, मले दिसत नाई का?”

भगिनींनो, लेकीचे बाळंतपण माहेरी कशासाठी करायचे? तर तिला दोन घास सुखाचे मिळावेत म्हणून. आणि माझी लेक माझ्या हप्त्यासाठी आपले दूध सोडून बसली होती.

मी उठून बाहेर आले. आमच्या घरचे ओसरीवर बसले होते. त्यांना म्हटले, “एक कर्ज तुम्हाला न सांगता घेतले आहे. बायांच्या गटावर फायनान्सवाल्यांकडून, चाळीस हजार.” मला वाटले, आता आकाश फाटणार. ते बराच वेळ गप्प राहिले. नंतर म्हणाले, “मी बी एक घेतलं आहे. वीस हजार. शेकडा पाच रुपयानं. तुले नाई सांगतलं.” दोघांनीही एकमेकांना त्रास नको म्हणून लपवले होते, आणि त्रास मात्र तिसरीला झाला होता.

धाकट्याला हाक मारली. त्याच्या शाळेच्या वहीची मागची पाने कोरी होती. त्याने रेघा मारल्या, आम्ही सांगत गेलो व तो लिहीत गेला. ते असे निघाले :

सोनाराकडे माझी पोत व कानातले गहाण, चाळीस हजार, शेकडा दोन रुपये महिना. फायनान्सचे पंधरा दिवसांनी एक असे ११५० रुपयांचे बावीस हप्ते बाकी, म्हणजे २५,३००. खाजगी माणसाचे वीस हजार, शेकडा पाच. बचत गटाचे दहा हजार, शेकडा एक. किराणा दुकानाची उधारी ७,४००. लग्नातल्या कापडाचे राहिलेले ६,०००. एकूण १,०८,७०० रुपये.

मी मनात साठ-सत्तर हजार धरून चालले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. आमची मूठ उघडली तेव्हा आत एवढे कर्ज निघाले. परंतु एक गोष्ट सांगते. त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी झोप लागली. आकडा मोठा होता, पण आता तो डोक्यात न राहता कागदावर आला होता.

दुसऱ्या दिवशी मुलाने प्रत्येक कर्जापुढे वर्षाचे व्याज लिहिले. महिन्याला “पाच रुपये शेकडा” म्हटले की थोडे वाटते. वर्षाचे साठ टक्के होतात. सोनाराचे चोवीस. गटाचे बारा. त्या वीस हजारांवर आमच्या घरच्यांनी पंधरा महिने महिन्याला हजार असे पंधरा हजार रुपये व्याज भरले होते, आणि मुद्दल वीसचे वीस हजार तसेच होते! आम्ही मात्र आजपर्यंत जो दारात येऊन मोठ्याने बोलेल त्याला आधी पैसे देत होतो. वहीने दाखवले की, आधी फेडायचे ते जास्त व्याजाचे.

येथे कायद्याचेही दोन शब्द सांगते. आपल्या राज्यात सावकारी नियमनाचा कायदा २०१४ साली झाला. परवाना नसता व्याजाने पैसे देणे हा गुन्हा आहे. परवाना असलेल्या सावकारालाही शेतकऱ्यांखेरीज इतरांकडून तारण असल्यास वर्षाला पंधरा व तारण नसल्यास अठरा टक्क्यांपेक्षा अधिक व्याज घेता येत नाही. शेतकऱ्यांना त्याहून कमी, म्हणजे नऊ व बारा टक्के. आणि व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. आपले जुने लोक याला दामदुप्पट म्हणत. कोणी जाच केला तर सहकार खात्याच्या उपनिबंधकाच्या कार्यालयात अर्ज देता येतो. आम्ही अर्ज दिला नाही, मुद्दल देऊन मोकळे झालो. परंतु हे आधी माहीत असते तर पंधरा महिने मुकाट्याने दिले नसते.

आता पैसे कोठून आले ते सांगते. मी बचत गटात आठ वर्षे महिन्याला शंभर रुपये टाकत आले होते. गटाच्या बैठकीत वही घेऊन गेले. दहा जणींपुढे सर्व वाचून दाखवले. वाचताना आवाज कापत होता. एक जण म्हणाली, “पहिले फिटले नाही आणि दुसरे कसे द्यायचे?” तिचे म्हणणे खोटे नव्हते. शेवटी सर्वांच्या मते ठरले की पंधरा हजार द्यावे, बाळंतपण होईपर्यंत नुसते व्याज घ्यावे व मेपासून महिन्याला पाचशे मुद्दल. मुलीच्या ओटीभरणासाठी मी आठ हजार बाजूला ठेवले होते. त्यातले पाच हजार घातले व त्या खाजगी माणसाचे वीस हजार एकरकमी देऊन टाकले. चिठ्ठी परत घेतली व त्याच्यासमोरच फाडली.

महिन्याला जेथे हजार जात होते तेथे गटाचे व्याज दीडशे जाऊ लागले. साडेआठशे वाचले. त्यात पन्नास घातले की अर्धा लिटर दुधाचे झाले. मी मुलीला सांगितले, “हे दूध आता हप्त्यातले नाही. हे व्याजातून सुटून आले आहे, पी.” ती हसली व प्याली.

ओटीभरणाचे पैसे असे वापरले हे सांगणे सोपे, करणे अवघड. विहीणबाईंची अपेक्षा शंभर पानांची व पाच लुगड्यांची होती. मी स्वतः हिंगणघाटला गेले व सांगितले की, ओटी घरच्या घरी भरू, लेकीला खायला घालू, मानपान जमणार नाही. त्यांनी चहा दिला, पण बोलल्या नाहीत. बारशालाही आल्या नाहीत, जावईबापूंच्या हाती चांदीचे वाळे तेवढे पाठवले. तिसऱ्या महिन्यात नातीला पाहायला आल्या. अजूनही त्यांच्या मनात थोडे आहे. मी ते मान्य करते. सर्वांना राजी ठेवून कर्ज फिटत नाही. ऋण काढून सण करू नये, हे आपण दुसऱ्याला फार सांगतो. स्वतःच्या अंगणात आले म्हणजे जड जाते.

आता बाळंतपणाच्या पैशाचे. माझे माहेर सेवाग्रामच्या बाजूच्या खेड्यातले. आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायांना आठवत असेल, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने आसपासच्या खेड्यांत ज्वारीचा विमा सुरू केला होता. सुगीत घरोघरची ज्वारी गोळा होई. ज्याची शेती जास्त त्याने जास्त द्यावी, मजुराने थोडी द्यावी, उपचार मात्र सर्वांना सारखा. त्यात एक बारीक नियम होता. अकस्मात आलेल्या दुखण्याला रुग्णालयात पैसे पडत नसत. परंतु साधे बाळंतपण, मोतीबिंदू, अंतर्गळ अशा आधी माहीत असलेल्या गोष्टींना चौथा हिस्सा घरच्याने द्यायचा. लहानपणी मला हा नियम उलटा वाटे. बाळंतिणीकडून का घ्यायचे? वही लिहिताना त्याचा अर्थ कळला. जे सांगून येणार नाही त्याला गाव उभे राहील. जे सांगून येते त्याची जोड आपण आधी करून ठेवावी.

म्हणून मी एक डबा केला. रिकामा पत्र्याचा, वरून दोरी बांधलेला. ओटीभरणातले उरलेले तीन हजार त्यात टाकले व दर शनिवारी चारशे टाकत गेले. तेरा शनिवार झाले. ८,२०० रुपये जमले. नियम एकच की, या डब्यातून कोणताही हप्ता द्यायचा नाही. दारात कोणी का उभा राहीना.

आणि उभे राहिले. एकदा मंगळवारचा हप्ता चार दिवस लांबला. फायनान्सचा माणूस रात्री आठ वाजता दारात येऊन मोठमोठ्याने बोलू लागला. शेजारी दिवे लागले. मुलगी आत कानावर हात ठेवून बसली. मी नाव घेत नाही. परंतु बायांनो, रिझर्व्ह बँकेने २०२२ साली केलेल्या नियमांप्रमाणे अशा छोट्या कर्जाच्या वसुलीला सकाळी नऊच्या आधी व संध्याकाळी सहाच्या नंतर येता येत नाही. दमदाटी, शिवीगाळ करता येत नाही. व्याज किती, हप्ते किती याचा कागद आपल्याला समजेल अशा भाषेत दिला पाहिजे. मुदतीआधी फेडले तर दंड लावता येत नाही. आणि घरातल्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याहून अधिक होतील असे कर्ज त्यांनी देऊच नये. दुसऱ्या दिवशी मी हे त्या माणसाला शांतपणे सांगितले. हप्ता दिला, पावती घेतली. नंतर तो दिवसा येऊ लागला. पुढच्याच महिन्यात म्हणाला, “काकू, जुने मिटवून साठ हजारांचे नवीन करून देतो, बाळंतपणाला कामी येतील.” मोह झाला, नाही असे म्हणत नाही. वही उघडली, बावीस हप्त्यांतले पाच खोडलेले दिसले. नको म्हणून सांगितले. जुने कर्ज फेडायला नवे घ्यायचे तर ते कमी व्याजाचे पाहिजे व तेवढेच पाहिजे. वर मिळणारे पैसे आपले नसतात.

डब्याबरोबर दुसरी तयारी चालू होती. आमच्या घरच्यांच्या मनात खाजगी दवाखान्यात बाळंतपण करावे असे होते. चौकशी केली तर पस्तीस-चाळीस हजारांचा अंदाज निघाला. म्हणजे पुन्हा सोनार. आशाताईंनी समजावले की, २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातले बाळंतपण विनामूल्य आहे. साधे असो की पोट चिरून असो, औषधे, तपासण्या, लागले तर रक्त, साध्या बाळंतपणात तीन दिवस व शस्त्रक्रियेत सात दिवस जेवण, घरून नेण्या-आणण्याची गाडी, सर्व. १०२ किंवा १०८ वर फोन करावा लागतो. पहिल्या खेपेच्या बाईला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पाच हजार मिळतात. २०२२ पासून ते तीन हजार व दोन हजार अशा दोन हप्त्यांत देतात. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर सहा हजार एकदम. अंगणवाडीत अर्ज भरून घेतात. त्यासाठी बाईच्या स्वतःच्या नावाचे बँकेचे खाते आधारला जोडलेले पाहिजे. आमच्या मुलीचे नव्हते, त्यात तीन आठवडे गेले. म्हणून दिवस गेल्याचे कळले की आधी खाते पाहावे. ते पैसे मुलीचे. आम्ही त्यातला एक रुपयाही कर्जात घातला नाही.

रक्त वाढवण्यासाठी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या विनामूल्य मिळाल्या, सुईतूनही लोह दिले. एक चूक आमची होत होती. मुलगी गोळी चहाबरोबर घेत असे. नर्सबाईंनी सांगितले की, चहा किंवा दुधाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या, चहा-दूध दोन तासांनी. बाकी खाणे आपलेच. तुरीचे वरण, अंबाडीची व मेथीची भाजी, शेंगदाणे-गुळाचे लाडू, रोज एक अंडे, बाजारात स्वस्त झाली तेव्हा संत्री. मार्चअखेर रक्त १०.१ झाले. तो कागद मी वहीत चिकटवून ठेवला आहे.

एप्रिल २०२४ मध्ये पहाटे कळा सुरू झाल्या. गाडी बोलावली. सरकारी दवाखान्यात सुखरूप बाळंतपण झाले. मुलगी झाली, दोन किलो सहाशे ग्रॅम. मी बाहेर ओसरीत बसून आधी देवाला हात जोडले आणि नंतर, हसू नका, डबा कमरेला बांधलेल्या पिशवीत आहे ना, ते चाचपून पाहिले.

खर्च वहीत असा आहे : येणे-जाणे व रिक्षा ९००, डिंक, अळीव, खारीक व तूप २,८५०, बाळंतविडा १,२००, तेल वगैरे किरकोळ ६००, बारशाला घुगऱ्या, पेढे व चहा १,७५०. एकूण ७,३००. गोधड्या जुन्या लुगड्यांच्या मी शिवल्या, दुपटी घरच्या धोतराची केली. जुने धुतलेले कापड बाळाला मऊ असते. डब्यात नऊशे उरले. बाळाचा जन्म एकवीस दिवसांच्या आत विनामूल्य नोंदवला व दाखला घेतला. हा दाखला सर्व कामांना लागतो. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी राज्याची लेक लाडकी योजना आहे. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवरच्या, लाखाच्या आत मिळकत असलेल्या घरच्या लेकीला जन्मल्यावर पाच हजार व पुढे शिक्षणाच्या टप्प्यांवर पैसे मिळत जाऊन अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर पंचाहत्तर हजार, असे एकूण १,०१,००० मिळतात. नातीचा अर्ज तिच्या सासरच्या गावी भरला.

बाळंतपण आटोपल्यावर जूनमध्ये सोने सोनाराकडून सोडवून बँकेत ठेवले. अडचण अशी की, बँक सोने हातात आल्याशिवाय पैसे देत नाही व सोनार पैसे हातात आल्याशिवाय सोने देत नाही. माझ्या भावाने एका दिवसापुरते पैसे दिले. सकाळी सोडवले, दुपारी बँकेत ठेवले, संध्याकाळी भावाचे परत केले. वर्षाच्या चोवीस टक्क्यांचे साडेनऊ झाले. चाळीस हजारांवर वर्षाचे ९,६०० व्याज होते ते ३,८०० वर आले.

कापडवाल्याचे सहा हजार हंगाम संपताना मिळालेल्या जादा कामाच्या पैशातून दिले. किराणावाल्याला खरे सांगितले, महिन्याला पाचशे देत गेलो व नवे सामान रोखीने घेतले. फायनान्सचा शेवटचा हप्ता नोव्हेंबर २०२४ मध्ये गेला. तेव्हापासून महिन्याचे २,३०० रुपये मोकळे झाले, ते सर्व बँकेत भरतो.

तुम्ही विचाराल, आता सर्व फिटले का? नाही. बँकेचे सतरा हजार व गटाचे साडेसहा हजार, मिळून साडेतेवीस हजार अजून आहेत. नात दीड वर्षाची झाली, चालते, वही दिसली की ओढते. पोत अजून बँकेत आहे. आजच्या समारंभालाही मी काळ्या मण्यांची साधी दोरी घालून आले आहे. पूर्वी असे आले नसते.

बायांनो, मी काही शहाणी नव्हे. शहाणी असते तर बातमी आली त्याच दिवशी, ऑगस्टमध्ये वही केली असती, आणि माझ्या लेकीचे रक्त ८.२ वर गेले नसते. कर्ज असणे ही लाज नव्हे. कापसाच्या मुलखात, हंगामावर पोट असलेल्या घरी, ते कधी ना कधी होतेच. ते घरातल्या माणसांपासून लपवले की त्याचा बोजा घरातले सर्वांत गरीब माणूस उचलते, आणि ते बहुधा मुकाट्याने कमी खाणारी बाई असते. एवढेच मला सांगायचे होते.

शेवटी मंडळाकडे एक मागणे. आपल्या वस्तीत दर वर्षी पाच-दहा बाळंतपणे होतात. प्रत्येक घरी पाळणा, मच्छरदाणी, आंघोळीचे टोपले नवे आणतात व सहा महिन्यांनी माळ्यावर टाकतात. मंडळाने एक संच करावा व ज्या घरी बाळ येईल तेथे आळीपाळीने द्यावा. सोबत एक कोरी वही द्यावी. ज्या लेकीला, सुनेला दिवस गेले असतील तिच्या घरी पहिल्या तीन महिन्यांतच दोघी जणींनी जाऊन बसावे व विचारावे की, खाते आहे का, नाव नोंदवले का, डबा केला का? कर्ज किती, हे विचारू नये. आपले किती होते, ते आधी सांगावे. मग ती आपोआप सांगेल.

आमच्या नातीचा लाकडी पाळणा चांगला आहे. तो मी आजच मंडळाला देत आहे. रिक्षात घालून आणला आहे, बाहेर ठेवला आहे. जाताना दोघी-तिघींनी तो आत घ्यायला हात लावावा.